तयार ‘पुणेरी’ पाट्या: भिंतीवर कोणती लावावी, दुकानातच कोणती सोडावी

दारावर, गल्ल्यामागे, लिफ्टमध्ये, पार्किंगच्या खांबावर लावायच्या तयार विनोदी पाट्या हल्ली कुठेही मिळतात. प्रदर्शनांतले स्टॉल, भेटवस्तूंची दुकानं, रेडियमवाले, ऑनलाइन, सगळीकडे. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पाटीला मात्र तसलं काही संरक्षण नाही. त्यामुळे ‘अस्सल पुणेरी’ म्हणून विकली जाणारी पाटी कोणत्याही गावात छापलेली असू शकते. ‘सुचना’ हा पहिलाच शब्द वाचला की निदान ती कुठली नाही एवढं तरी कळतं.

इथे कोणा एका विक्रेत्याचं परीक्षण नाही. बाजारात फिरणारे मजकूर तेच तेच आहेत, एकाचा चालला की बाकीचे उचलतात. म्हणून आम्ही प्रकार पाहतोय: पाटी कशावर छापली आहे, अक्षर वाचता येतं का, आणि मुख्य म्हणजे त्यातला चिमटा कोणाला बसतो. पैसे वसूल होणार की नाही ते या शेवटच्या गोष्टीवर ठरतं. खराब पत्रा बदलता येतो. शेजाऱ्याने वर्षभर रोज येता-जाता वाचलेलं वाक्य मागे घेता येत नाही.

आधी पत्रा

सगळ्यांत स्वस्त सनबोर्ड, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकचा बोर्ड. 3 मिमी जाडीचा सनबोर्ड घरात किंवा दुकानाच्या आतल्या भिंतीवर ठीक आहे. पश्चिमेच्या उन्हात मात्र मे महिन्यात तो वाकतो, कडा पुढे येतात आणि मागची दुहेरी टेप वरून सुटायला लागते. सनबोर्डच घ्यायचा तर 5 मिमीचा घ्या आणि चारही कोपऱ्यांना स्क्रू मारा. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, लेझरने कापलेली अक्षरं फोटोत फार देखणी दिसतात. पावसाळ्यात ती फुगतात आणि ‘कृपया’चा ‘कृ’ आधी गळून पडतो, कारण तिथला भाग सगळ्यांत नाजूक कापलेला असतो. ही पाटी घराबाहेर लावायची नाही.

अ‍ॅक्रेलिक चकचकीत दिसतं. उलट बाजूने छापलेलं असेल तर पुसताना छपाई खराब होत नाही, एवढं विचारून घ्या. तडकतं ते बहुतेक बसवताना. भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठं हवं, मध्ये प्लास्टिकचा वॉशर हवा, आणि स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. उन्हात अ‍ॅक्रेलिक प्रसरण पावतं, त्याला हलायला जागा लागते.

बाहेरच्या भिंतीला आमची पसंती 3 मिमी एसीपीला: दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लास्टिकचा थर. वाकत नाही, गंजत नाही. त्यावर विनाइल चिकटवलेलं असेल तर मॅट लॅमिनेशन मागा. ग्लॉसीवर ऊन चमकतं आणि नेमका महत्त्वाचा शब्द दिसत नाही. लॅमिनेशन नसेल तर लाल रंग आधी उडतो. ‘येथे गाडी लावण्यास सक्त मनाई आहे’ यातली लाल ‘सक्त मनाई’ उडून गेलेल्या पाट्या शहरात जागोजागी दिसतात. उरलेलं वाक्य फार प्रेमळ वाटतं.

स्टीलवर कोरलेली पाटी नावासाठी ठेवा. किनारपट्टीवर, कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेने 304 ग्रेडच्या स्टीलवरसुद्धा तांबूस डाग येतात. 316 ग्रेड टिकतं, पण विनोदासाठी एवढा खर्च कोण करणार? शिवाय विनोद शिळा होतो. ‘दुपारी 1 ते 4 बंद’ हा मजकूर अजून धडाधड छापला जातोय; चितळे बंधूंनी दुपारची सुट्टी 2017 मध्येच बंद केली.

पेंटरकडून पत्र्यावर हाताने लिहून घेतलेली पाटी अजूनही सगळ्यांत सरस. आधी रेड ऑक्साइड, मग पांढऱ्या इनॅमलचे दोन हात, मग अक्षर. पेंटर मिळणं हीच अडचण.

अक्षर

बोर्डवाल्यांचा ढोबळ हिशेब असा: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. देवनागरीत ही उंची वेलांट्या-उकार सोडून, नुसत्या अक्षराच्या अंगाची मोजायची, कारण वर मात्रा आणि खाली उकार यांची जागा वेगळी लागते. बारा बाय आठ इंचांच्या पाटीवर अशा अक्षरात तीन ओळी बसतात, फार तर चार. तयार पाट्यांवर सर्रास नऊ-दहा ओळी असतात. त्या वाचायला माणसाला दाराला नाक लावावं लागतं, आणि तेवढ्यात दार उघडतं.

दुसरी भानगड फाँटची. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला आणि रेडियमवाल्याने तो जुन्या फाँटमध्ये किंवा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार सरकतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटतो, जोडाक्षराचा पाय मोडून मध्ये हलन्त दिसतो. नुसती ‘ओके’ म्हणून मान डोलावू नका. छापायच्या आधीचं प्रूफ मागा आणि त्यात ‘र्किं’, ‘ट्ट्या’, ‘द्ध’ अशी अक्षरं एकेक करून तपासा. दुसऱ्याला शिस्त शिकवणाऱ्या पाटीत शुद्धलेखनाची चूक निघाली तर हसू पाटीवर येतं, पाटीतल्या विनोदावर नाही.

मजकूर: चिमटा कुणाला

चांगल्या पुणेरी पाटीचा एक ठरलेला घाट असतो. ‘वाजवू नये’, ‘स्वीकारले जाणार नाही’, ‘आपण… असल्यास’. बोलणारा कोण ते दिसत नाही, ऐकणारा कोण तेही नाही. समोर असते ती फक्त कृती. भाषा अदबीची, आशय खडूस. या दोन्हींच्या घर्षणातून हसू येतं. म्हणून ‘अरे मूर्खा, बेल वाजवू नकोस’ यात विनोद नाही. तो नुसता राग आहे, आणि राग छापायला पैसे देण्याचं कारण नाही.

एक नमुना जवळून पाहू.

‘बेल एकदाच वाजवावी. आत माणसे राहतात, अग्निशमन दल नव्हे.’

नियम पहिल्या वाक्यात संपला. ज्याला विनोद कळला नाही त्यालाही काय करायचं ते कळलं. दुसऱ्या वाक्यात कोणाची जात नाही, वय नाही, धंदा नाही, अक्कल नाही. एकदाच बेल वाजवणाऱ्याला काहीच लागत नाही, तो उलट शेजाऱ्याला सांगतो. तीनदा वाजवणाऱ्याला लागतं, आणि पुढच्या वेळी एकदाच वाजवून तो सुटतो. आमची मुख्य कसोटी हीच: पाटी वाचणाऱ्याला सुटायची वाट ठेवली आहे का? 5 पैकी साडेचार. अर्धा गुण घरमालकाच्या चेहऱ्यासाठी राखून ठेवलाय.

आता तितकीच खपणारी लिफ्टची पाटी घ्या. शब्द थोडे वेगवेगळे असतात, पण मथितार्थ एकच: ‘पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट वापरणाऱ्यांनी आपले पाय गरजूंना दान करावेत.’ वाचताना हसू येतं. पण पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट कोण वापरतं? काही धडधाकट आळशी, आणि त्याच रांगेत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बायका, कृत्रिम पाय लावलेला माणूस. यातल्या अनेकांकडे बघून काही कळत नाही. आळशी माणूस जिन्याने जाऊन सुटू शकतो. बाकीच्यांना रोज दोनदा पाटी सोसायची, किंवा भेटेल त्याला आपलं दुखणं सांगायचं. अपंग हक्क कायदा 2016 मध्ये कलम 92 आहे: लोकांच्या नजरेसमोर अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. सर्वसाधारण पाटीमागे तसा हेतू सिद्ध करणं सोपं नाही, पण कोणी सेक्रेटरीला पाटीकडे बोट दाखवून सांगितल्यावरही ती तिथेच राहिली, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरत नाही.

आणि गंमत अशी की हाच विनोद न दुखावता होतो: ‘पहिल्या मजल्यावर जायचे आहे? जिना लिफ्टची वाट पाहत नाही.’ आळशाला टोचणी बसली, गुडघेवाल्याला काही म्हटलंच नाही. दानाची पाटी 5 पैकी 1. तो एकही छपाईला.

दारावरच्या याद्या

‘फेरीवाले, सेल्समन, वर्गणीवाले व कुत्रे यांना प्रवेश नाही.’ हा साचा जुना आहे आणि विक्रेते तो क्लासिक म्हणून विकतात. दोष नकारात नाही. दारात कोणाला उभं करायचं हा घरमालकाचा अधिकार आहे. दोष त्या ‘व’मध्ये आहे. माणसांच्या रांगेत कुत्रा बसवला की वाक्य काय म्हणतंय ते स्पष्ट होतं, आणि विनोद नेमका तेवढाच आहे. कुत्रा काढला तर हसण्यासारखं काही उरत नाही. उन्हात पाच मजले चढून आलेला पोरगा ती वाचतो, उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे. त्याऐवजी: ‘आम्हाला काहीही विकत घ्यायचे नाही. घ्यायचे असते तर एव्हाना आम्हीच तुमच्या दारात आलो असतो.’ काम तेच, आणि तो पोरगाही हसून खाली उतरेल. 4.

इथे दुसरी कसोटी येते: पाटी कोणी लावली आणि वाचणाऱ्याला उलट बोलता येतं का. ‘साहेब नेहमी बरोबर असतात’ ही पाटी कारकुनांनी आपल्या टेबलावर लावली तर धमाल आहे. तीच साहेबांनी आपल्या केबिनमध्ये लावली तर ती सूचना आहे. शब्द तेच, पत्रा तोच, किंमत तीच. म्हणून या पाटीला गुण देता येत नाहीत. कोण विकत घेतंय ते सांगा, मग देऊ.

स्वयंपाकघरासाठी विकल्या जाणाऱ्या ‘कामवाली बाई’ मालिकेचंही तसंच. सुट्ट्या, मोबाइल, पगारवाढ यांवरचे विनोद पाहुण्यांना आवडतात. पण ती भिंत रोज पुसणारी व्यक्ती एकच असते. ‘तिला वाचता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तिच्या मुलीची इयत्ता विचारावी. 0.

बायकोवरच्या पाट्या घरात लावायच्या की नाही हे ज्याचं त्याने, म्हणजे खरं तर जिचं तिने, ठरवावं. आमची तक्रार एवढीच की त्या बहुतेक कंटाळवाण्या असतात. मात्र दुकानात, गॅरेजमध्ये, ऑफिसात द्व्यर्थी मजकुराची पाटी लावणार असाल तर प्रकरण वेगळं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नकोशी लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी आणि शब्दांवाचूनचं वर्तनही येतं, आणि दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. पाटी भिंतीवर आहे म्हणजे शेरा रोज, सगळ्या पाळीत, न थकता मारला जातोय. ‘सगळेच हसतात’ हा बचाव इथे फार कच्चा. नोकरीत माणसं बऱ्याच गोष्टींवर हसतात.

पार्किंग: सर्वाधिक खप, सर्वाधिक गाढवपणा

गेटसमोर गाडी लावणाऱ्यांचा ताप खरा आहे, म्हणून या पाट्यांना आम्ही जास्त मोकळीक देतो. इथे वाचणारा मोटार किंवा दुचाकीवाला आहे, मोकळा आहे, पुढे जाऊ शकतो. ‘येथे गाडी लावणारा गाढव आहे’ यात बारकावा नसला तरी सुटायची वाट आहे: गाडी लावू नका, गाढव होणार नाही. 2, कारण विनोद शून्य आणि गाढवाचा काही दोष नाही.

अडचण ‘हवा सोडली जाईल’, ‘काच फुटल्यास जबाबदार नाही’ या जातीच्या पाट्यांची. लोक त्यांना पुणेरी विनोद समजतात. ही धमकी आहे, आणि मूर्ख धमकी आहे. उद्या कोणा भलत्यानेच त्या गाडीची हवा सोडली तरी गाडीवाला पाटीचा फोटो काढून आधी तुमच्याकडे बोट दाखवणार. गेट अडवलं असेल तर वाहतूक पोलिसांना बोलवा. 2017 च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांतच दुसऱ्याच्या जागेचं प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला मनाई आहे. पाटीला वेगळी ताकद लागत नाही, तिचं काम फक्त आठवण करून द्यायचं. त्यासाठी पुरे: ‘हे गेट आहे. शोभेसाठी लावलेले नाही. दिवसातून अनेकदा उघडते.’ खाली मोठ्या अक्षरात ‘गाडी लावू नये’. नियम खाली चालेल, पण आकाराने मोठा हवा, कारण चालत्या गाडीतून विनोद वाचला जात नाही.

तसंच कुत्र्याचं. ‘कुत्रा चावत नाही, मालकाची खात्री नाही’ या छापाच्या पाट्या दिसायला मजेदार, पण घरात खरंच चावणारा कुत्रा असेल तर ही पाटी धोक्याची आहे. कुरिअरवाला ‘चावत नाही’ एवढंच वाचून कडी काढतो. कुत्रा, विजेचा धक्का, ओली फरशी, उघडी टाकी, गॅस: इथे विनोद अजिबात नको. आधी साधी इशाऱ्याची पाटी, पिवळ्यावर काळी, चित्रासकट. मग शेजारी काय तो वाङ्मयविलास करा.

दुकानदारांसाठी

उधारीवरच्या पाट्या निरुपद्रवी आहेत. ‘आज रोख, उद्या उधार’ याला आता कोणी हसत नाही आणि कोणी दुखावतही नाही. ती भिंतीच्या रंगासारखी झाली आहे. बसून राहणाऱ्या गिऱ्हाइकांवरच्या पाट्या चांगल्या असू शकतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या मनाईच्या लांबलचक याद्या आठवा: केस विंचरू नका, जोरात बोलू नका, फार वेळ बसू नका. हसू येतं ते यादीच्या लांबीमुळे आणि ती सगळ्यांना सारखीच लागू असल्यामुळे. चहा पिणारा वकील आणि हमाल दोघांनाही केस विंचरायला तितकीच बंदी.

मात्र ‘विकलेला माल परत घेणार नाही; लग्नातही बायको बदलून मिळत नाही’ ही किंवा तिच्या बहिणी लावू नका. बायकोचा मुद्दा बाजूला ठेवा. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरले जातात. म्हणजे ही पाटी तुमच्याच गल्ल्यामागे, तुमच्याच विरुद्ध, चोवीस तास लावलेला पुरावा. ग्राहकाच्या फोनमध्ये कॅमेरा असतो.

थकबाकीदारांची यादी आणि विनोद यांची भेळ करू नका. उधारीवाल्याचं किंवा सोसायटीतल्या सभासदाचं नाव लिहून वर ‘थकबाकीरत्न पुरस्कार’ असं छापलेली पाटी म्हणजे बदनामीच्या तक्रारीला आमंत्रण. भारतीय न्याय संहितेतल्या बदनामीच्या व्याख्येत लिखित शब्द आणि दृश्य चित्रण दोन्ही येतात. रक्कम खरी असली तरी ‘सार्वजनिक हितासाठी लिहिलं’ हा बचाव ‘रत्न’ शब्दाने कच्चा पडतो.

जात, धर्म, प्रांत यांवरच्या पाट्या उघडपणे कमी मिळतात, आडून खूप मिळतात. ‘सात्त्विक कुटुंबांनाच भाड्याने’, खाली नाक दाबलेलं कार्टून. कोणाला उद्देशून आहे ते भाडेकरूला बरोबर कळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणं 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात अटकपूर्व जामीन नाकारण्याची तरतूद आहे. परप्रांतीयांवरच्या ‘गमती’ही भाषा आणि जन्मस्थान यांवरून तेढ वाढवण्याच्या कलमाच्या आसपास फिरतात. पण कायदा दूर ठेवला तरी कसोटी पुरेशी आहे. इथे वाचणाऱ्याने काही केलेलंच नाही, त्यामुळे काही थांबवून त्याला सुटताही येत नाही. गुण नाहीत.

जिन्यात थुंकू नये म्हणून चिकटवायच्या देवादिकांच्या टाइल्सही याच दुकानांत मिळतात, चार धर्मांच्या सेटमध्ये. विनोद म्हणून नाही, उपाय म्हणून. तरी सांगतो: नका लावू. थुंकणारा अंधारात थुंकतोच, आणि मग एका पिचकारीचं भांडण होतं चार समाजांचं. कोपऱ्यात दिवा लावा, भिंतीला धुता येणारा ऑइल पेंट द्या, वाळूची कुंडी ठेवा.

स्वतःचा मजकूर करून घेताना

तयार पाट्यांतल्या बहुतेक बाद झाल्या की हाच मार्ग उरतो, आणि तो महागही नाही. रेडियमवाला मजकुराचे वेगळे पैसे सहसा घेत नाही. आधी नियम एका साध्या वाक्यात लिहा. मग त्याला टोक द्या, शक्यतो स्वतःच्या अंगावर घेऊन: ‘बेल हळू वाजवा, घरातले म्हातारे आम्हीच आहोत.’ मग ते वाक्य न हसता, सरकारी आवाजात मोठ्याने वाचून पाहा. पाटीला चेहरा नसतो, डोळा मिचकावता येत नाही. सपाट आवाजात जे ऐकू येतं तेच अनोळखी माणूस वाचणार. नंतर आठवड्यात त्या दारावर कोण कोण येतं ते आठवा: दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणारे, पोस्टमन, वरच्या मजल्यावरच्या आजी. यांपैकी कोणासमोर ती पाटी मोठ्याने वाचायला जीभ अडखळत असेल तर शब्द बदला.

पत्र्यावर जायच्या आधी मजकूर साध्या ए-फोर कागदावर छापून आठवडाभर चिकटवा. याचे दोन फायदे. अक्षराचा आकार पुरतो का ते कळतं, आणि पहिल्या दिवशी हसलेले लोक सातव्या दिवशी काय चेहरा करतात ते दिसतं. सांगितलेला विनोद एकदाच ऐकावा लागतो. पाटीवरचा विनोद त्याच माणसाला वर्षातून तीनशे पासष्ट वेळा सांगितला जातो, म्हणून तो बोलण्यातल्यापेक्षा बराच सौम्य लागतो. मिठाचं प्रमाण लोणच्याचं नको, आमटीचं हवं.

बसवायला 6 मिमीचं बिट, 6 मिमीचा प्लास्टिक प्लग, 35 मिमीचा स्क्रू. आधी दोन वरची भोकं, लेव्हल लावून, मग खालची. पाटीचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर. फ्लॅटच्या दाराची चौकट तुमची, पण पॅसेजची भिंत, लिफ्ट आणि जिना सोसायटीचा. तिथे लावायची तर कमिटीची लेखी परवानगी घ्या, मजकुरासकट. बाहेरच्या झाडाला खिळा ठोकू नका, महापालिका दंड करते आणि बरोबरच करते. झाडाचा तुमच्या पार्किंगशी काही संबंध नाही.

एकच तयार पाटी घ्यायची असेल तर चपला-बुटांची घ्या. ‘चपला ओळीत काढाव्यात, सभेला आल्यासारख्या नव्हे’ या धाटणीचे मजकूर बऱ्याच ठिकाणी मिळतात. ते सगळ्यांना सारखेच लागू होतात, पाहुण्यांना आणि घरच्यांनाही. एसीपीवर, मॅट लॅमिनेशनसह, तीन ओळींची, बारा बाय आठ. फक्त प्रूफमध्ये ‘काढाव्यात’चा ‘व्या’ तुटलेला नाही ना ते पाहून घ्या.